गर्भाशयातील मांसांकुर आणि वंध्यत्व : औषध कोठवर, शस्त्र केव्हा

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली हर्षा चावडा हिचा जन्म झाला आणि मुंबईच्या घराघरांत 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द पोहोचला. त्यानंतरच्या काळात वंध्यत्वाच्या आधुनिक चिकित्सेची केंद्रे उपनगरांतही उघडली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे अपत्यप्राप्तीसाठी येणारी स्त्री आज रिकाम्या हाताने येत नाही. तिच्या पिशवीत सोनोग्राफीचे अहवाल, रक्ततपासण्या व पतीच्या वीर्यतपासणीचा कागद असलेली जाड फाईल असते. त्या फाईलमधील एका अहवालावर 'एंडोमेट्रियल पॉलिप' असे शब्द असतात आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, पिशवीत गाठ आहे म्हणतात. ऑपरेशनशिवाय जाईल ना?"

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या स्त्रीची पुढची एक-दोन वर्षे अवलंबून असतात. सरसकट 'जाईल' असे म्हणणे जितके अशास्त्रीय, तितकेच 'आयुर्वेदात यावर काही नाही' असे म्हणणेही अशास्त्रीय होय. प्रस्तुत लेखात ग्रंथाधार, आधुनिक निरीक्षणे आणि दैनंदिन व्यवहार या तिन्ही अंगांनी या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ग्रंथोक्त आधार

गर्भाशयाच्या पोकळीत डोकावून पाहण्याचे साधन प्राचीन आचार्यांजवळ नव्हते. त्यामुळे आजच्या 'पॉलिप'ला नेमका समानार्थी शब्द संहितांत शोधणे हे अनुमानाचेच काम आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. तथापि दोन वर्णने या व्याधीच्या बरीच जवळ जातात.

पहिले वर्णन सुश्रुत निदानस्थानातील अर्शनिदानाच्या अध्यायात येते. प्रकुपित दोष योनीत पोहोचले असता तेथे कोमल, दुर्गंधी, बुळबुळीत व रक्तमिश्रित स्राव करणारे, छत्रीच्या आकाराचे अंकुर उत्पन्न होतात आणि ते योनीला व आर्तवाला उपघात करतात, असा त्याचा आशय आहे. देठावर उभा असलेला, वर पसरट झालेला, सहज रक्तस्राव होणारा हा अंकुर म्हणजे गर्भाशयमुखातून डोकावणाऱ्या पॉलिपचे जवळजवळ प्रत्यक्ष वर्णन वाटते. आर्तवाचा उपघात हा उल्लेख वंध्यत्वाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. चरकाचार्यांनी मात्र गुदाखेरीज इतर ठिकाणच्या अशा वाढींना अर्श न म्हणता अधिमांस मानले आहे. नाव वेगळे असले तरी मांसधातूची अस्थानी वाढ हे मर्म दोघांनाही मान्य आहे.

दुसरे वर्णन कर्णिनी योनिव्यापदाचे. चरक चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात, अकाली प्रवाहण करणाऱ्या स्त्रीमध्ये अवरुद्ध झालेला वायू कफ व रक्ताशी संयुक्त होऊन योनीत कर्णिका उत्पन्न करतो व ती रक्तमार्गाचा अवरोध करते, असे सांगितले आहे. सुश्रुताने कर्णिनीची गणना कफज व्यापदांत केली आहे. या दोन्ही वर्णनांवरून संप्राप्तीचा ढोबळ आराखडा असा मांडता येईल : कफ व रक्त प्रधान दोष, अपान वायूची विगुणता, मांस व मेद हे दूष्य आणि आर्तववह स्रोतस हे अधिष्ठान.

आधुनिक शास्त्रानुसार पॉलिप ही गर्भाशयाच्या अस्तराची स्थानिक अतिवृद्धी असून तिच्यावर इस्ट्रोजेनचा प्रभाव असतो. स्थौल्य व उच्च रक्तदाब असलेल्या, तसेच स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आढळते. स्थौल्याशी असलेला हा संबंध कफमेदाच्या संप्राप्तीशी जुळणारा आहे. दिवसभर कार्यालयात बसून काम, लोकलमध्ये जाण्या-येण्यात जाणारे दोन-तीन तास, रात्री दहानंतरचे जेवण आणि व्यायामाचा अभाव हे उपनगरातील स्त्रीचे हेतूही येथे लक्षात घ्यावेत.

गर्भधारणेस अडथळा कसा होतो

ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हे गर्भसंभवाचे चार घटक सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहेत. पॉलिप ही प्रामुख्याने क्षेत्रदुष्टी होय. बीजवाहिनीच्या मुखाजवळचा पॉलिप शुक्राणूंचा मार्ग अडवू शकतो. पोकळीतील पॉलिपमुळे अस्तरात सूक्ष्म शोथ राहतो व गर्भ रुजण्यास ते अस्तर अनुकूल राहत नाही. गर्भ रुजण्यासाठी आवश्यक असलेल्या 'होक्स-ए १०' या जनुकाचे कार्य पॉलिप असलेल्या गर्भाशयाच्या अस्तरात मंदावलेले आढळले आहे. म्हणजे दोष केवळ त्या अंकुरापुरता नसून क्षेत्र संपूर्णच प्रभावित होते.

या संदर्भात माद्रिद येथील पेरेझ-मेदिना व सहकाऱ्यांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. कृत्रिम वीर्यरोपणाच्या प्रतीक्षेत असलेल्या, पॉलिप असलेल्या २१५ स्त्रिया दोन गटांत विभागण्यात आल्या. एका गटातील पॉलिप दुर्बिणीद्वारे काढले, दुसऱ्या गटात केवळ बायॉप्सी घेतली. पहिल्या गटात सुमारे ६३ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे २८ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली. विशेष म्हणजे पहिल्या गटात गर्भवती झालेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रियांना पहिल्या वीर्यरोपणापूर्वीच, नैसर्गिकरीत्या गर्भ राहिला. अर्थात हा एक अभ्यास आहे. नैसर्गिक गर्भधारणा व आयव्हीएफ यांच्या बाबतीत उत्तम दर्जाचा पुरावा अजून थोडाच असल्याचे २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेने नमूद केले आहे. तरीही क्षेत्र मोकळे करण्याचे महत्त्व या आकड्यांतून दिसते.

औषध, क्षार, अग्नी, शस्त्र

अर्शाच्या चिकित्सेत सुश्रुताने चार उपाय सांगितले व प्रत्येकाचे क्षेत्र आखून दिले. थोड्या काळात उत्पन्न झालेले, दोष, लक्षणे व उपद्रव अल्प असलेले अंकुर औषधाने साध्य होतात. मृदू, पसरलेले, खोल व उंच झालेले क्षाराने. कर्कश, स्थिर, रुंद व कठीण असलेले अग्नीने. आणि बारीक मुळाचे, उंचावलेले, क्लेदयुक्त अंकुर शस्त्राने साध्य होतात.

हे विवेचन गुदार्शाचे असले तरी त्यातील विवेक गर्भाशयातील मांसांकुरालाही लागू पडतो. बारीक देठावर लोंबणारा, ओलसर, दीड-दोन सेंटिमीटरचा पॉलिप सुश्रुताच्याच निकषाने शस्त्रसाध्य आहे. अशा रुग्णेस हिस्टेरोस्कोपीसाठी पाठविणे म्हणजे आयुर्वेद सोडून अन्य शास्त्राकडे वळणे नव्हे. उलट तिला महिनोन् महिने गुटिका देत राहणे हे सुश्रुताच्या विरुद्ध जाणे आहे.

क्षार व अग्नीसंबंधी येथे स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. ज्यांच्यावर क्षारकर्म करू नये अशांच्या यादीत सुश्रुताने गर्भिणी व ऋतुमती यांचा समावेश केला आहे. गर्भाशयाच्या पोकळीत क्षार किंवा क्षारतैल सोडल्यास अस्तर भाजून भिंती परस्परांना चिकटण्याचा धोका असतो. मग पॉलिप जाईल, पण गर्भाला रुजण्यास जागाच उरणार नाही. अपत्य हवे असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा प्रयोग कदापि करू नये.

निदानातील सावधगिरी

आपल्या संमेलनांतून 'तीन महिन्यांच्या औषधाने पॉलिप नाहीसा' अशी रुग्णवृत्ते सादर होतात. त्यांचे मोल वाढावयाचे असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट सोनोग्राफीच्या दिवसाची. पाळीच्या उत्तरार्धात गर्भाशयाचे अस्तर जाड व चकचकीत दिसते आणि त्याची घडी पॉलिपसारखी भासू शकते. म्हणून योनिमार्गे केलेली सोनोग्राफी पाळी संपल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत करावी. काही महिन्यांपूर्वी मुलुंडच्या एका ३३ वर्षीय रुग्णेच्या बाविसाव्या दिवशीच्या अहवालात ९ मिलिमीटरचा पॉलिप लिहिला होता. औषध सुरू न करता पुढील पाळीच्या आठव्या दिवशी तपासणी पुन्हा करविली, तेव्हा पोकळी स्वच्छ होती. त्या महिनाभरात एखादा काढा चालू असता, तर श्रेय काढ्याला मिळाले असते. शंका असल्यास सलाइन सोनोग्राफी करवावी. अंतिम निर्णय हिस्टेरोस्कोपीनेच होतो.

दुसरी गोष्ट व्याधीच्या स्वभावाची. नॉर्वेतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, लक्षणे नसलेल्या स्त्रियांमधील सुमारे २७ टक्के पॉलिप एका वर्षात आपोआप नाहीसे झाले होते. नाहीसे झालेले पॉलिप सरासरीने सुमारे १ सेंटिमीटरचे, तर टिकून राहिलेले दीड सेंटिमीटरच्या आसपासचे होते. चारांतील एक लहान अंकुर काहीही न करता जात असेल, तर आपल्या औषधाचे यश त्याहून अधिक असल्याचे दाखवावे लागेल. अल्पदोष व अचिरजात अंकुर औषधसाध्य मानणाऱ्या सुश्रुताचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हेही यावरून दिसते.

याशिवाय पतीची वीर्यतपासणी झाल्याखेरीज पत्नीच्या पॉलिपला वंध्यत्वाचे कारण ठरवू नये. बीजाचा विचार न करता केवळ क्षेत्राची मशागत करणे व्यर्थ आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन व रक्तशर्करा या तपासण्या, तसेच बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत याची माहिती फाईलमध्ये असावी. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण असल्याने, शस्त्रक्रियेच्या वेळी क्षयाचीही शंका असेल तर अस्तराचा एक तुकडा कल्चरसाठी फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवावा, अशी विनंती शल्यचिकित्सकास पत्रातच करावी. पॉलिपची सूक्ष्मदर्शक तपासणी मात्र प्रत्येक वेळी झालीच पाहिजे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत त्यात कर्करोग आढळण्याचे प्रमाण अल्प, साधारण एक-दोन टक्के असले तरी ते शून्य नाही.

कोणास औषध, कोणास शस्त्र

माझ्या व्यवहारात मी पुढील मर्यादा पाळतो. पॉलिप एकच व १ सेंटिमीटरहून लहान, रक्तस्राव नाही, वय ३५ च्या आत, वंध्यत्वाचा कालावधी अल्प व अन्य मोठे कारण नाही, अशा रुग्णेस तीन ऋतुचक्रे औषध द्यावे. चौथ्या चक्राच्या आठव्या-नवव्या दिवशी, शक्यतो त्याच ठिकाणी पुन्हा सोनोग्राफी करावी. आकार तितकाच असेल किंवा वाढला असेल तर औषधाचा हट्ट सोडावा.

पॉलिप १ सेंटिमीटरहून मोठा, अनेक पॉलिप, बीजवाहिनीच्या मुखाजवळचे स्थान, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणे किंवा अत्यार्तव, वारंवार गर्भपात, वय ३५ हून अधिक, वीर्यरोपण किंवा आयव्हीएफचा निर्णय झालेला असणे. यांपैकी एकही बाब असल्यास प्रथम हिस्टेरोस्कोपी करवावी. पॉलिप दुर्बिणीखाली, डोळ्यांनी पाहून मुळापासून काढणे श्रेयस्कर. नुसत्या अंध क्युरेटिंगमध्ये तो तसाच राहून जाण्याची शक्यता असते.

औषधयोजनेत आमपाचन व अपानाचे अनुलोमन करून कांचनार गुग्गुळ ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वरुणादी क्वाथाच्या अनुपानाने, ही माझी सर्वसाधारण योजना असते. मेदोवृद्धी असल्यास त्रिफळा व नित्य चंक्रमण. डाग दिसत असल्यास लोध्र, नागकेशर, अशोक यांसारखी स्तंभन द्रव्ये निवडावीत. तेथे रजःप्रवर्तिनी वटी किंवा कुमार्यासव देणे म्हणजे उष्ण-तीक्ष्ण गुणांनी रक्तस्राव वाढविणे होय. गर्भासाठी प्रयत्न चालू असलेल्या स्त्रीस ऋतुकाळानंतर लेखन व तीक्ष्ण द्रव्ये, विरेचन व रसकल्प थांबवावेत, कारण त्या पंधरवड्यात गर्भ राहिला आहे की नाही हे तिलाही ठाऊक नसते. तिची फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये.

उत्तरबस्तीविषयी अलीकडे फार उत्साह दिसतो. पोकळीत पॉलिप असताना, रक्तस्राव किंवा योनिगत संसर्ग असताना उत्तरबस्ती देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर क्षत भरल्यावर, पाळी थांबल्यानंतरच्या ऋतुकाळात, निर्जंतुक तैलाने, निर्जंतुक साधनांनी व प्रशिक्षित हातांनीच ती द्यावी. या अटींपैकी एकही पाळता येत नसेल तर पिचू व मात्राबस्तीवर समाधान मानावे.

शस्त्रानंतर वैद्याचे काम

शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते. तिच्या आधीचे व नंतरचे महिने वैद्याचे असतात. अंधेरीच्या एका बँकेत नोकरी करणारी ३६ वर्षांची स्त्री माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पॉलिपचा आकार १८ मिलिमीटर होता. चौदा महिने ती ओळखीच्यांच्या सांगण्यावरून दुकानातून 'गाठीच्या गोळ्या' घेत होती. या काळात पाळी दहा दिवसांवर गेली होती आणि हिमोग्लोबिन ८.२ वर आले होते. सासूबाईंचा ऑपरेशनला विरोध होता. त्यांना सुश्रुताने शस्त्राचा उपाय स्वतःच सांगितला असल्याचे समजावून दिले, तेव्हा त्या राजी झाल्या. सहा आठवडे रक्तवर्धक चिकित्सा केली. लोहाच्या आधुनिक गोळ्याही चालू ठेवल्या. नंतर पॉलिप काढला, तपासणीत तो निर्दोष ठरला. पुढे दीपन, फलघृत व आहारविहाराची शिस्त असा क्रम ठेवला. पाचव्या महिन्यात गर्भ राहिला. श्रेय कोणाचे, हा वाद निरर्थक आहे. शस्त्राने जागा मोकळी केली, औषधाने रक्त व बल भरून काढले. मात्र चौदा महिने कोणीच परत देऊ शकले नाही.

पॉलिप पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे निदानपरिवर्जन, स्थौल्याची चिकित्सा, मलावष्टंभ दूर करणे आणि ठराविक काळाने सोनोग्राफी ही कामे वैद्यानेच हाती घ्यावीत. कौटुंबिक ताणाची जाणीव ठेवून रुग्णेशी शांतपणे बोलण्यास शल्यचिकित्सकापेक्षा आपल्याजवळ अधिक वेळ असतो, हेही आपले बळ आहे.

औषधनिर्माते व विक्रेत्यांसाठी

औषधालयाच्या काउंटरवर सोनोग्राफीचा अहवाल दाखवून 'पिशवीच्या गाठीचे औषध' मागणाऱ्या स्त्रीला तीन प्रश्न विचारावेत : वय किती, रक्तस्राव होतो का, आणि मूल हवे आहे का. उत्तर कोणतेही असो, तिला बाटली देण्याऐवजी वैद्याकडे पाठवावे. पॉलिप, फायब्रॉइड व बीजकोशातील ग्रंथी यांना सामान्य लोक एकाच 'गाठ' या शब्दाने ओळखतात; तिन्हींची चिकित्सा मात्र भिन्न आहे.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत गर्भाशयाचे विकार, आर्तवाचे विकार व स्त्रियांचे वंध्यत्व हे स्पष्टपणे नमूद आहेत. या व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात मग ती दुकानातील फलकावर असो वा मोबाइलवर, कायद्याच्या कक्षेत येते.

द्रव्यशुद्धीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. स्त्रीरोगांतील आपला मुख्य आधार असलेला अशोक म्हणजे केशरी फुलांचा सीता अशोक. आपल्या उपनगरांतील सोसायट्यांच्या कुंपणालगत रांगेने उभा असलेला उंच, निमुळता 'अशोक' म्हणजे आसोपालव. खऱ्या अशोकाची झाडे दुर्मीळ होत चालल्याने बाजारात आसोपालवाच्या सालीची भेसळ होते, हे अनेक परीक्षणांतून दिसून आले आहे. साल खरेदी करताना आयुर्वेदिक फार्माकोपियातील निकषांनुसार सूक्ष्मदर्शकीय व क्रोमॅटोग्राफी परीक्षणाचा अहवाल पुरवठादाराकडून मागून घ्यावा. गर्भेच्छू स्त्रीला देण्याच्या रसकल्पांत शिशासारख्या जड धातूंची तपासणी प्रत्येक घाण्याची व्हावी, कारण शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते.

उपसंहार

सुश्रुताने गर्भसंभवाच्या चार घटकांत ऋतूला प्रथम स्थान दिले. ऋतु म्हणजे योग्य काळ. तो दर महिन्याला येतो, पण वयाच्या पस्तिशीनंतर त्याचे फळ झपाट्याने घटत जाते. म्हणून या रुग्णांत औषधाची मात्रा जितकी काटेकोर, तितकीच औषधाची मुदतही काटेकोर असली पाहिजे. पहिल्याच भेटीत केसपेपरवर औषधाबरोबर फेरतपासणीची तारीख लिहावी आणि त्या दिवशी फरक नसेल तर पुढे काय करावयाचे, तेही रुग्णेस तेव्हाच सांगून ठेवावे.

सभासदांनी अशा प्रत्येक रुग्णेची एक छोटी नोंद ठेवावी : वय, पाळीच्या कितव्या दिवशी सोनोग्राफी झाली, पॉलिपचा आकार व स्थान, दिलेले औषध व कालावधी, फेरतपासणी आणि परिणाम. ज्यांत गुण आला नाही त्या नोंदीही तितक्याच निष्ठेने ठेवाव्यात. काही वर्षांत अशा नोंदी एकत्र आल्या, तर लहान पॉलिपमध्ये आपले औषध निसर्गापेक्षा किती अधिक काम करते, या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच देता येईल.